तीन वाजताची ताटली

पहिल्यांदा नाणी टाकली तेव्हा दोन्ही कोरी पडली. आत्याबाईंनी वाकून, चष्मा कपाळावर चढवून, परत नाकावर आणून ती पाहिली आणि जाहीर केलं, "अजून जेवतोय."

सगळे निमूट मागे सरले. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नये, हे फुआ घराण्यात लहानपणापासून शिकवलेलं. मग तो जेवणारा वर्षापूर्वी गेलेला का असेना. थोरला सेंग खिडकीशी जाऊन उभा राहिला. धाकट्या बूनने कमरेचा पेजर उगाच काढून पाहिला. आणि त्यांची आई लान हियांग भिंतीला पाठ टेकून आपल्या ठेंगण्या स्टुलावर बसली, उदबत्त्यांच्या धुराकडे बघत. धूर सरळ वर जायचा, पंख्याच्या वाऱ्यात सापडला की मोडायचा, आणि देव्हाऱ्यावरच्या फोटोवरून घरभर पसरायचा. फोटोत तिचा नवरा टेक सून एका हातात उलथनं आणि दुसऱ्या हातात कोळंबीच्या नूडल्सची ताटली घेऊन उभा होता. खाण्याच्या सेंटरमधल्या सत्तावीस नंबरच्या गाळ्यावर, पाटीवरही हाच फोटो होता.

आत्याबाईंची नाणी जुनी, पितळी, एका अंगाने लाल रंगवलेली. एक लाल आणि एक कोरं पडलं तर वरच्याने 'हो' म्हटलं. दोन्ही कोरी, तर 'नाही'. दोन्ही लाल पडली तर तो हसतोय, आणि त्या हसण्याचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा. टेक सून हयातीतही असाच होता. कोळंबी ताजी आहे का, असं कुणी विचारलं की नुसता हसायचा. उद्या गाळा उघडणार ना, विचारलं की हसायचा. उघड गोष्ट विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, हा त्याचा बाणा.

आज वर्ष पुरं झालं होतं. त्याने पोटभर जेवायचं, मग मुलांनी बाहीवर टाचलेले सुतकाचे कापडी तुकडे उतरवून जाळायचे, आणि गाळ्याची कढई कुणाकडे ते आजच ठरवून टाकायचं, असा बेत होता. बेत आत्याबाईंचा, टेक सूनच्या थोरल्या बहिणीचा. दोन भावांची महिनाभर धुसफूस चालली होती. शेवटी त्या एकोणऐंशी वर्षांच्या बाईने हातपंखा खाली ठेवला आणि म्हणाली की तुमच्या बापाची कढई आहे, तर बापालाच विचारा. सेंगने सकाळी गाळ्यावर स्वतः परतलेली ताटली देव्हाऱ्यावर ठेवायची. पहिल्या उदबत्त्या विझायच्या आत बाप 'जेवलो' म्हणाला, तर कढई सेंगची. नाही म्हणाला, तर बूनची. दोघांनी मान डोलावली. आईला कुणी विचारलं नाही, कारण आईचं मत कोळंबीबद्दल विचारायचं असतं, कढईबद्दल नाही.

आणि लान हियांगला कढई हवी होती.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बासष्टाव्या वर्षी, पोरं हातघाईवर आलेली असताना, कोणत्या तोंडाने सांगायचं? रात्री अंथरुणावर पडलं की उजवं मनगट आपोआप फिरायला लागायचं, आणि ते थांबवायला ती हात उशीखाली दाबून झोपायची. सेंगला कढई मिळाली तर तो आत्तासारखंच परतत राहणार, आणि जुनी गिऱ्हाइकं एकेक करून उठून जाताना बघत तिने कोळंबी सोलत बसायचं. बूनला मिळाली तर कढईचा प्रश्नच मिटला. बूनला एका जागी मोठ्या पातेल्यात रस्सा करायचा होता, पाकिटं भरायची होती, आणि पाच मॉलमध्ये पाच गाळे उघडून पाची पाट्यांवर बापाचा फोटो लावायचा होता.

"दादा, ताटली गरम होती ना ठेवलीस तेव्हा?" बून म्हणाला.

"गरमच होती."

"नाही, बाबांना कोमट चालायचं नाही म्हणून विचारलं."

"तुला काय माहीत बाबांना काय चालायचं? तू गाळ्यावर शेवटचा कधी आला होतास? पाटीचा फोटो काढायला."

"भावोजी," सेंगची बायको मेइफोंग स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ह्यांनी सकाळी पाचला उठून परतलंय. हाताला बघा किती भाजलंय. जरा दम धरा."

बूनने हात जोडल्यासारखं केलं आणि परत पेजर पाहिला. बारा वाजून गेले होते. खाली, इमारतीच्या पायथ्याशी, रद्दीवाल्याचा भोंगा वाजत वाजत लांब गेला. शेजारच्या घरात चौघी बायका सोंगट्या खेळत होत्या, त्यांचा खळखळाट भिंतीतून येत होता. लान हियांगच्या पापण्या जड झाल्या. ती झोपली नव्हती, पण जागीही नव्हती. रोज दुपारी गाळ्यावर कोळंबी सोलताना तिची जी अवस्था व्हायची, तीच ही.

गाळ्यावर तिचं स्टूल मोरीकडे तोंड करून असायचं. गाळा इतका अरुंद की दुसरीकडे तोंड करायला जागाच नव्हती. पुढे टेक सून कढईवर, मागे त्याच्या पाठीला पाठ लावून ती. तिच्या पुढ्यात कोळंबीची टोपली, दोन पातेली, नळ आणि ओली भिंत. म्हणजे एकेचाळीस वर्षं, आधी हातगाडीवर आणि मग सेंटरमध्ये, नवरा परतत होता आणि तिने ते कधी पाहिलं नाही. ऐकलं मात्र सगळं. चरबीत लसूण पडला की एक बारीक कुरकुर. मग अंडं, त्याचा फुस्कारा. पिवळ्या नूडल्स आणि तांदळाच्या पांढऱ्या शेवया कोरड्याच पडायच्या, उलथनं लोखंडाला खरवडायचं, जरा करपल्याचा वास यायचा. मग कोळंबीच्या डोक्यांचा आणि सालींचा तो रस्सा, एक मोठा पळा, आणि त्यावर लाकडी झाकण. झाकणाखाली आधी धो धो, मग बुडबुड, मग कुजबुज. कुजबुज सुरू झाली की टेक सून कान झाकणाजवळ न्यायचा. ते तिला दिसत नव्हतं, पण त्याचा सदरा तिच्या पाठीवरून सरकायचा, त्यावरून कळायचं. सदरा परत जागेवर आला की झाकण उघडायचं.

सेंगचा सदरा सरकत नाही. सेंग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं, मग नूडल्स त्या दिवशी जाड असोत की बारीक.

"टाक रे," आत्याबाई म्हणाल्या.

सेंगने देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकले, नाणी ओंजळीत धरली, "बाबा, जेवलात का?" असं विचारलं आणि नाणी फरशीवर सोडली. दोन्ही कोरी.

"सावकाश जेवतोय," आत्याबाई म्हणाल्या. पण ह्या खेपेला त्यांचा आवाज जरा उतरला होता.

तिसऱ्यांदा दोन्ही कोरी पडली. चौथ्यांदाही. उदबत्तीची राख वाकली आणि पडली, आणि तांबडा ठिपका खाली खाली येत वाळूत विझला.

सेंग गुडघ्यांवर तसाच राहिला. चाळीस वर्षांचा माणूस, तीन वर्षांपूर्वी बसचं सुकाणू सोडून बापाच्या शेजारी येऊन उभा राहिलेला, आणि बापाने आज चार वेळा त्याची ताटली सरकवून दिली. लान हियांगला त्याच्या मानेकडे बघवेना. गळ्यातला टॉवेल घामाने भिजला होता.

"ठरलं होतं तसं ठरलं," बून हळूच म्हणाला. आनंद दाबायचा त्याने खरोखर प्रयत्न केला. "दादा, तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुला मी रस्स्याचा मुख्य करतो. थंड खोलीत काम, हात भाजायचा नाही."

मेइफोंगने स्वयंपाकघरातून दोन पावलं पुढे टाकली. तोंड उघडलं होतं धाकट्या दिराला चार शब्द सुनवायला, पण शब्द बाहेर आले ते वेगळेच. "थंड खोली म्हणजे, वेळ किती ते किती?"

सेंगने वळून बायकोकडे पाहिलं.

"मी नुसतं विचारतेय," मेइफोंग म्हणाली. "विचारायलाही बंदी आहे का? तीन वर्षांत तुम्ही एकदा तरी माझ्याबरोबर जेवलात? हातावर जागा राहिली नाही पुढच्या डागाला. आणि तेही अशा कामासाठी, जे..." ती थांबली.

"जे काय?"

"जे बाबांनाच पसंत नाही," तिने वाक्य पुरं केलं, आणि मग तिलाच रडू आलं.

आत्याबाईंनी पंखा आपटला. "पुरे. टेक सून अजून उपाशी आहे आणि तुम्ही त्याच्या पानासमोर भांडताय. बून, तू फार बोलतोस. तुझ्याकडे काय आहे ते आण. दोघांना एकच माप."

बूनने ह्याची तयारी करून ठेवली होती, हेही खरं. पिशवीतून एक डबा निघाला. त्याच्या भागीदाराच्या स्वयंपाकघरात काल परतलेल्या, पाकिटातल्या रस्स्याच्या नूडल्स. मेइफोंगने डोळे पुसत त्या वाफवून गरम करून दिल्या. ताटली देखणी होती, कबूल करायला हवं. सहा कोळंब्या सारख्या वळवलेल्या, माकुळाच्या गोल चकत्या, कडेला लाल ठेचा आणि अर्धं हिरवं लिंबू. सेंगची ताटली बाजूला झाली, नव्या उदबत्त्या लागल्या, आणि बून इस्त्रीच्या पँटीची काळजी घेत गुडघ्यांवर बसला.

दोन्ही कोरी.

थोड्या वेळाने परत. दोन्ही कोरी. मग आणखी दोनदा, तेच. सेंगच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला. मेइफोंगने त्याला कोपराने ढोसलं, पण तिचंही तोंड वाकडं झालं होतं.

"नाणी जड झालीत," बून म्हणाला. "एका बाजूला रंग जास्त लागलाय."

"हीच नाणी तुझ्या लग्नाला 'हो' म्हणाली तेव्हा हलकी होती वाटतं," आत्याबाई म्हणाल्या. पण त्याही घाबरल्या होत्या. त्यांचे हात सदऱ्याची कड चाचपत राहिले. माणूस वर्षाच्या जेवणाला आला आणि न जेवताच परत गेला, असं ह्या घरात कधी झालं नव्हतं. तसं झालं तर सुतक उतरत नाही, आणि तो वरही रिकाम्या पोटी फिरत राहतो. "काय हवंय रे तुला?" त्यांनी फोटोला विचारलं. "लहान होतास तेव्हाही असाच. ताटावर बसायचा आणि जेवायचा नाही. लान, तू गप्प का? नवरा तुझा आहे."

"ऐकतेय, वन्सं," लान हियांग म्हणाली.

ती खरंच ऐकत होती. घड्याळ टिकटिकत होतं. सोंगट्यांचा खळखळाट थांबला होता, शेजारच्या बायका जेवायला उठल्या असाव्यात. धुराने खोली इतकी भरली होती की फोटोतला माणूस अधूनमधून दिसेनासा व्हायचा. आणि त्या धुरातून तिला हॉस्पिटलची खोली आठवली. त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते. टेक सूनने डोळे उघडले आणि विचारलं, "तीन वाजले का?" ती म्हणाली, "नाही, अकराच वाजलेत." "मग थांबतो," तो म्हणाला. दुपारी एकच्या सुमाराला तो गेला. थांबतो म्हणाला आणि थांबला नाही, ह्याचा तिला वर्षभर राग होता. रडायचं सोडून ती त्याच्यावर चिडलेलीच राहिली.

आता ती ताडकन ताठ बसली.

"तो हे खायचा नाही," ती म्हणाली.

"काय?" आत्याबाईंनी कान पुढे केला.

"हे. कोळंबी, माकूळ, लिंबू. ही विकायची ताटली आहे. त्याने ही कधी तोंडाला लावली नाही."

"आई, फोटोत बघ ना," बून म्हणाला. "हातात धरलीय."

"धरलीय. फोटो काढून झाल्यावर ती पाच नंबरच्या टेबलावर नेऊन दिली. माझ्यादेखत." ती स्टुलावरून उठली. गुडघे कुरकुरले, तिने भिंतीला हात लावला. "तीन वाजता गिऱ्हाईक संपायचं. तो पाटी फिरवायचा, पुढे जाऊन एक कॉफी प्यायचा. तोवर मी न धुतलेल्या कढईत काय राहिलं असेल ते परतायचे. नुसत्या पांढऱ्या शेवया, तुटकी कोळंबी, तळाची खरवड. तो येऊन माझ्या स्टुलावर बसायचा, मोरीकडे तोंड करून, आणि खायचा. एकेचाळीस वर्षं तेच जेवला तो."

"तू परतायचीस?" सेंग म्हणाला.

"मग कोण, मांजर?"

"मी दोन वर्षं होतो बाबांशेजारी. मला कधी दिसलं नाही."

"तू दोनला दुसऱ्या दिवसाचा माल आणायला जायचास. आणि हा," तिने बूनकडे हनुवटी केली, "तेव्हा टाय बांधून कुठेतरी असायचा. सांगण्यासारखं त्यात काय होतं? माणूस घरी काय खातो ते कुणी पाटीवर लिहितं का?"

आत्याबाईंनी हळूहळू पंखा मिटला. "आणि त्याला आवडायचं?"

लान हियांगला ह्याचं उत्तर येत नव्हतं. तो कधी बोललाच नाही. ताटली रिकामी करून मोरीत ठेवायचा आणि चुलीचा गॅस बंद करायला जायचा. एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी, तिनेच विचारलं होतं, बरं झालंय का. तो हसला होता. तिने त्याचा अर्थ वाईट लावला आणि पुन्हा विचारलं नाही.

"सेंग," ती म्हणाली, "दुपारच्या जेवणासाठी रस्सा आणलायस ना?"

"बरणीत आहे."

"आणि शेवया?"

"त्याही आहेत. आई, कोळंबी मात्र सगळी—"

"कोळंबी आहे माझ्याकडे."

ती फ्रिजमध्ये होती, मागच्या कप्प्यात, झाकलेल्या वाटीत. शेपट्या तुटलेली, डोक्याशी फाटलेली, ताटलीत शोभणार नाही अशी. सोलताना ती बाजूला पडायची सवय हाताला इतकी लागली होती की टेक सून गेल्यावरही वर्षभर रोज वाटीभर बाजूला पडत होती. ती घरी आणायची, रात्रभर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी इमारतीखालच्या मांजरीला घालायची. मेइफोंगने ते पाहिलं होतं. सासू मांजरीचे फार लाड करते, असं तिला वाटायचं.

स्वयंपाकघरात चौघे दाराशी दाटले. लान हियांगने घरची छोटी कढई चढवली, दारामागून जुन्या हातगाडीचं लाकडी झाकण काढलं, धुतलं. गॅस मोठा केला. चरबी वितळली. आणि मग तिने डोळे मिटले.

"आई, भाजेल," सेंग म्हणाला.

"बोलू नकोस. ऐकू येत नाही मला."

लसूण पडला. अंडं पडलं. शेवया पडल्या आणि उलथनं खरवडू लागलं, आणि तिचं मनगट, रोज रात्री उशीखाली दाबलेलं, सुटं झालं. पाठीला कुणाचीतरी पाठ लागलेली आहे असं तिला वाटलं, गरम, घामेजलेली, नेहमीची. तिने रस्सा ओतला आणि झाकण ठेवलं. धो धो. सेंगची नजर सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. बुडबुड. दोन मिनिटं झाली. सेंग पुढे झाला, तिने डोळे न उघडता हात आडवा धरला. मग कुजबुज आली. तिने मान वाकवून कान झाकणापाशी नेला, आणि दारात उभ्या असलेल्या सेंगला एकदम बाप दिसला. तो चौकटीला धरून उभा राहिला. कुजबुजही विरत आली तेव्हा तिने झाकण काढलं.

वाफ सगळ्यांच्या तोंडावर आली. बून वास घ्यायला नकळत पुढे झाला.

ताटलीत कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. पांढुरकी, ओलसर, तुटक्या कोळंबीची, कडेला करपलेली. लिंबू नाही, ठेचा नाही. तिने ती देव्हाऱ्यावर ठेवली तेव्हा घड्याळात तीनला चार मिनिटं होती. ती उभीच राहिली. सगळ्यांनी ती चार मिनिटं जाऊ दिली.

"आता टाक," आत्याबाई म्हणाल्या, आणि नाणी सेंगच्या नाही, तिच्या हातात दिली.

लान हियांगने नाणी ओंजळीत धरली. ओठ हलले, आवाज आला नाही. मग तिने हात उघडले. एक नाणं जागेवर बसलं, दुसरं गडगडत देव्हाऱ्याच्या पायाशी गेलं, फिरलं, फिरलं, आणि पडलं.

दोन्ही लाल.

"हसतोय," आत्याबाई पुटपुटल्या. "म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. काय विचारलंस?"

"जेवलास का, असं नाही विचारलं," लान हियांग म्हणाली. "उद्यापासून कढईवर मी उभी राहू का, असं विचारलं."

मेइफोंगचा हात तोंडावर गेला. बूनने भावाकडे पाहिलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्या दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता.

"मग हा हसला म्हणजे काय समजायचं?" बून म्हणाला.

आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "कोळंबी ताजी आहे का, विचारलं की तुझा बाप काय करायचा?"

"हसायचा," बून म्हणाला.

लान हियांग मात्र खाली बसली, फरशीवरच. तिला त्या जुन्या दुपारचं हसणं आठवलं, बरं झालंय का, असं विचारल्यावरचं. एवढी वर्षं ती ते चुकीचं धरून बसली होती. तिने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, पुन्हा पुसले, आणि मग पुसायचं सोडून दिलं. वर्षभराचं रडू होतं, ते आपल्या गतीने आलं. कुणी तिला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळाने तिने नाणी परत गोळा केली आणि ह्या खेपेला मोठ्याने विचारलं, "जेवलास का?"

एक लाल, एक कोरं.

"जेवला," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

बाहीवरचे तुकडे निघाले, गॅलरीत पत्र्याच्या डब्यात जळले. मग रीतीप्रमाणे देव्हाऱ्यावरची ताटली खाली आली आणि हातोहात फिरली. सेंगने एक घास घेतला आणि फार वेळ चावत राहिला.

"हे बाबांसारखं नाही," तो म्हणाला.

"नाही. हे माझं आहे."

त्याने दुसरा घास घेतला. बूनने त्याच्या हातातून ताटली ओढून घेतली, खाल्लं, आणि म्हणाला, "आई, हे पाकिटात..."

"भावोजी," मेइफोंग म्हणाली.

"काही नाही," बून म्हणाला, आणि ताटलीच्या कडेची खरवड बोटाने काढून चाटली.

सेंगने गळ्यातला टॉवेल काढला. तो क्षणभर हातात तसाच धरला. बसचं सुकाणू सोडल्यापासून तो त्याच्या मानेवर होता. मग त्याने तो झटकला, घडी घातली आणि आईच्या खांद्यावर ठेवला.

"आणि कोळंबी कोण सोलणार?" लान हियांग म्हणाली.

"मी सोलतो."

"येते का तुला?"

"शिकेन."

तिने त्याच्याकडे पाहिलं, तो कुरकुरतोय का हे बघायला. तो कुरकुरत नव्हता. थकलेला होता, आणि थोडा हलकाही. "सगळे उपाशी आहेत," ती उठत म्हणाली. "रस्सा आहे अजून. वन्संना आधी वाढायचं. ते स्टूल आण आत."

सेंगने भिंतीपाशी पडलेलं ठेंगणं स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि चुलीच्या बाजूला, कढई नीट दिसेल असं ठेवलं.

"तसं नको. माझ्या पाठीला पाठ. तोंड मोरीकडे कर."

"मग मला दिसणार कसं, आई?"

"दिसायचं नाहीच आहे," ती म्हणाली, आणि गॅस मोठा केला.

तो बसला. गुडघे छातीशी आले, एवढं ते स्टूल ठेंगणं होतं. समोर ओली भिंत आणि नळ. पाठीला आईची पाठ लागली, हाडकुळी, गरम. चरबी वितळली. लसूण त्यात पडला आणि बारीक कुरकुरला, आणि सेंगने मान वळवली नाही.